कंपनीचा अ‍ॅम्प्लिफायर आणि स्पीकर तसेच ठेवून नवा स्टिरिओ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टॉप मॉडेलची जुनी गाडी पुण्याहून, नाशिकहून किंवा सुरतेहून खानदेशात आली की पहिला बेत बहुधा ठरलेलाच असतो: छोटा डिस्प्ले काढायचा आणि मोठा अँड्रॉइड स्टिरिओ बसवायचा. साध्या गाडीत हे दोन-तीन तासांचं काम आहे. पण कंपनीनेच वेगळा अ‍ॅम्प्लिफायर (सिग्नलला ताकद देऊन स्पीकर ढकलणारा डबा) दिलेल्या गाडीत हेच काम अडतं, आणि दोष मात्र स्पीकरवर जातो. स्पीकर धड असतात, अ‍ॅम्प्लिफायरही धड असतो. बिघडलेला असतो तो नव्या स्टिरिओचा त्यांच्याशी झालेला जोड. चोपड्यापासून चाळीसगावपर्यंत गाडीवाले जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथे दिली आहेत.

माझ्या गाडीत कंपनीचा वेगळा अ‍ॅम्प्लिफायर आहे की नाही, हे कसं ओळखायचं?

दरवाजाच्या जाळीवर किंवा ट्विटरच्या (बारीक आवाजाच्या छोट्या स्पीकरच्या) कव्हरवर एखाद्या ऑडिओ कंपनीचं नाव असेल तर शक्यता मोठी. सेल्टॉस आणि क्रेटाच्या वरच्या व्हेरियंटमध्ये बोस, हॅरियरच्या वरच्या व्हेरियंटमध्ये जेबीएल, एक्सयूव्ही ७०० मध्ये सोनी, अशा गाड्यांत वेगळा अ‍ॅम्प्लिफायर धरूनच चाला. डिकीत कंपनीचा सबवूफर (जाड आवाजाचा मोठा स्पीकर) असेल तर शंकेला जागाच नाही. पण नुसतं नाव पाहून ठरवू नका. एकाच मॉडेलच्या दोन व्हेरियंटमध्ये एकात अ‍ॅम्प्लिफायर असतो आणि दुसऱ्यात नसतो. वरून डॅशबोर्ड सारखाच दिसतो.

डोळ्यांनी शोधायचा तर पुढच्या सीटखाली, ग्लोव्ह बॉक्सच्या मागे आणि डिकीच्या बाजूच्या पॅनलमध्ये बघा. अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्यांचा चपटा डबा दिसेल.

खात्रीची तपासणी मल्टीमीटरने होते. स्टिरिओ बाहेर काढा, त्याचा कपलर (वायरींचा प्लग) सोडवा आणि कपलरमधल्या एका स्पीकरच्या दोन वायरींमध्ये ओम मोजा. ३ ते ४ ओमच्या आसपास आकडा आला तर वायर थेट स्पीकरला गेली आहे. हजारांत ओम आला किंवा काहीच आलं नाही तर मध्ये अ‍ॅम्प्लिफायर बसला आहे. मल्टीमीटर नसेल तर घड्याळातला दीड व्होल्टचा सेल घेऊन त्याच दोन वायरींना क्षणभर टेकवा. स्पीकरमधून ‘खट्’ असा आवाज आला तर जोडणी थेट आहे. या कामाला ९ व्होल्टची बॅटरी किंवा गाडीची बॅटरी लावू नका. मध्ये अ‍ॅम्प्लिफायर निघाला तर त्याचं इनपुट जाईल.

ही तपासणी पाच मिनिटांची आहे. नवा स्टिरिओ विकत घेण्याआधी ती झाली पाहिजे, कारण कोणता सेट घ्यायचा हे तिच्यावरच ठरतं.

अ‍ॅम्प्लिफायर असला तर फरक नेमका काय पडतो?

साध्या गाडीत स्टिरिओच स्पीकर ढकलतो. त्याच्या पोटात छोटा अ‍ॅम्प्लिफायर असतो आणि स्पीकरच्या वायरींवर भरपूर ताकद येते. कंपनीचा वेगळा अ‍ॅम्प्लिफायर असलेल्या गाडीत मूळ स्टिरिओ फक्त बारीक सिग्नल पाठवतो आणि ढकलण्याचं काम पुढे होतं. तुम्ही नव्या स्टिरिओच्या स्पीकर वायरी त्या जागी जोडल्या तर ठिबकच्या लॅटरलला विहिरीवरच्या मोटरचं पूर्ण प्रेशर दिल्यासारखं होतं. आवाज पहिल्या-दुसऱ्या पायरीलाच फाटतो, गाणं बंद असतानाही ‘सूऽऽ’ ऐकू येतं, आणि व्हॉल्यूम ४० पर्यंत असूनही ७-८ च्या पुढे नेता येत नाही.

त्यातच अनेक गाड्यांत हा बारीक सिग्नल बॅलन्स्ड पद्धतीने जातो. प्रत्येक चॅनलच्या, म्हणजे एकेका स्पीकरच्या सिग्नलच्या, दोन्ही वायरींवर सिग्नल असतो, एकीवर सुलटा आणि दुसरीवर उलटा. वाटेत शिरलेला इंजिनचा खरखराट दोन्हींवर सारखाच बसतो आणि अ‍ॅम्प्लिफायर वजाबाकी करून तो काढून टाकतो. म्हणून या वायरींमधली ‘निगेटिव्ह’ म्हणजे अर्थ (अर्थिंग) नव्हे. ती बॉडीला जोडायची नाही.

भाऊ, स्टिरिओ चालू होतो, स्क्रीन दिसते, गाणं पुढे सरकतं, पण आवाजच नाही. स्पीकर उडाले का?

चारही स्पीकर एकाच वेळी उडत नाहीत. अ‍ॅम्प्लिफायर झोपलेला आहे.

त्याला जागं व्हायला निरोप लागतो. जुन्या आणि मध्यम काळातल्या बहुतेक गाड्यांत हा निरोप म्हणजे एका वायरवर येणारे १२ व्होल्ट. नव्या स्टिरिओला त्यासाठी निळी-पांढरी वायर असते. फिटरने ती इन्सुलेशन टेप गुंडाळून तशीच सोडून दिली की हमखास हा प्रकार होतो. गाडीच्या कपलरमध्ये अ‍ॅम्प्लिफायरची ऑन वायर कोणती, हे त्या मॉडेलच्या वायरिंग डायग्राममध्ये पाहायचं आणि निळी-पांढरी तिला द्यायची. अंदाजाने एकेका वायरला १२ व्होल्ट देऊन बघणं बंद करा. त्यातली एखादी वायर कंट्रोल युनिटची डेटा लाइन निघाली तर खर्च स्टिरिओच्या किमतीपलीकडे जातो.

निळ्या-पांढऱ्या वायरीतून करंट थोडाच मिळतो, तो फक्त इशाऱ्यापुरता. तिच्यावरच अँटेना, कॅमेरा, पंखा असं सगळं लादायचं असेल तर मध्ये रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) घाला.

नव्या गाड्यांत प्रकरण वेगळं आहे. तिथे अ‍ॅम्प्लिफायर कॅन नेटवर्कवर असतो. गाडीची वेगवेगळी युनिट्स ज्या दोन पीळ दिलेल्या वायरींवरून एकमेकांशी बोलतात, ते हे नेटवर्क. ‘चालू हो’, ‘आवाज वाढव’, ‘बेस कमी कर’ हे सगळं मूळ स्टिरिओ डेटा म्हणून पाठवतो. अशा अ‍ॅम्प्लिफायरला साधे १२ व्होल्ट देऊन काही होत नाही. त्या मॉडेलचाच कॅनबस डीकोडर लागतो, जो नव्या स्टिरिओची भाषा अ‍ॅम्प्लिफायरला समजेल अशी करतो. डब्यावर नुसतं गाडीचं नाव पाहून डीकोडर घेऊ नका. वर्ष, व्हेरियंट आणि ‘कंपनी अ‍ॅम्प्लिफायरसह’ ही नोंद तिन्ही जुळायला हवीत. डीकोडर बसवूनही आवाज नसेल तर अँड्रॉइडच्या फॅक्टरी सेटिंगमध्ये जाऊन कॅनबसचा प्रकार बरोबर निवडला आहे का ते पाहा. पुष्कळदा हार्डवेअर ठीक असतं आणि मेनूतली एक ओळ चुकीची असते.

आरसीए पिनने जोडू की स्पीकरच्या वायरने?

शक्य असेल तिथे आरसीएने, म्हणजे स्टिरिओच्या मागे सिग्नल बाहेर देणाऱ्या गोल पिनने. कंपनीच्या अ‍ॅम्प्लिफायरला बारीक सिग्नल हवा असतो आणि आरसीए आऊटपुट तोच देतं. साध्या सेटला साधारण २ व्होल्ट मिळतात, चांगल्या सेटला ४ व्होल्ट. कंपनीच्या अ‍ॅम्प्लिफायरला ४ व्होल्ट आवडतात असा माझा अनुभव आहे, कारण सिग्नल जितका सशक्त तितका इंजिनचा आवाज त्यात कमी जाणवतो. स्टिरिओ घेताना समोरची स्क्रीन सगळे बघतात. तुम्ही सेट उलटा करून मागे पुढची, मागची आणि सबवूफरची अशा आरसीएच्या तीन जोड्या आहेत का ते बघा. एकच जोडी असेल तर पुढे-मागे आवाज फिरवण्याचा फेडर मेला म्हणून समजा.

जोडताना आरसीएची मधली पिन अ‍ॅम्प्लिफायरच्या त्या चॅनलच्या पॉझिटिव्हला आणि बाहेरची जाळी निगेटिव्हला. बहुतेक गाड्यांत एवढ्यावर भागतं.

स्पीकर वायरीवरूनच जायची वेळ आली तर मध्ये लाइन आऊटपुट कन्व्हर्टर टाका. स्पीकरच्या ताकदीचा सिग्नल तो उतरवून देतो. चांगल्या कन्व्हर्टरला प्रत्येक बाजूला पातळी कमी-जास्त करण्याचा स्क्रू असतो. तो असलेलाच घ्या. कन्व्हर्टर नसताना स्टिरिओची स्पीकर वायर थेट आरसीए केबलला जोडणं मात्र धोक्याचं आहे. आजच्या स्टिरिओंमध्ये स्पीकरच्या दोन्ही वायरींवर सुमारे ६ व्होल्ट डीसी उभे असतात, कारण आतला अ‍ॅम्प्लिफायर ब्रिज पद्धतीचा, म्हणजे दोन्ही वायरींवरून स्पीकर ढकलणारा असतो. त्यातली निगेटिव्ह वायर आरसीएच्या जाळीतून अर्थला टेकली की स्टिरिओमधला आऊटपुट आयसी (चिप) तापतो आणि जातो. वॉरंटीत तो कोणी बदलून देत नाही.

फिटर म्हणतो, ‘कंपनीचा अ‍ॅम्प्लिफायर काढून टाकू, थेट स्पीकरला वायर ओढू.’ ऐकू का?

सरसकट नाही. हा सल्ला फिटरला सोपा पडतो, कारण डायग्राम, डीकोडर, सगळी डोकेदुखी संपते. पण होकार देण्याआधी दोन गोष्टी मोजून घ्या.

पहिली, स्पीकरचा इम्पीडन्स, म्हणजे करंटला होणारा त्याचा अडथळा. तो ओममध्ये मोजतात. बाजारातला स्टिरिओ ४ ओमच्या स्पीकरसाठी बनवलेला असतो. कंपनीच्या अ‍ॅम्प्लिफायरवरचे स्पीकर अनेकदा २ ओमचे असतात, काही बोस सिस्टिममध्ये त्याहूनही कमी. दरवाजातल्या स्पीकरचा कपलर काढून मल्टीमीटर लावा. ३.२ ते ३.६ च्या आसपास आलं तर तो ४ ओमचा, १.६ ते १.८ आलं तर २ ओमचा. २ ओमचा स्पीकर साध्या स्टिरिओला लावला की स्टिरिओला दुप्पट करंट द्यावा लागतो. थंडीत तो चालेलही. मे महिन्यात भुसावळहून सुरतेकडे निघालात की धुळ्याच्या आधीच गरम होऊन आवाज तुटायला लागतो, थोडा थांबतो, परत येतो. लोकांना वाटतं ब्लूटूथ खराब आहे.

दुसरी, ट्विटर. साध्या गाडीत ट्विटरला एक छोटा कपॅसिटर असतो, तो जाड आवाज अडवतो. कंपनीच्या अ‍ॅम्प्लिफायरच्या गाडीत बारीक आणि जाड आवाज वेगळा करण्याचं काम अ‍ॅम्प्लिफायर आतच करतो, म्हणून काही गाड्यांत ट्विटरला कपॅसिटरच नसतो. त्याला थेट पूर्ण गाणं दिलं तर ढोलकीच्या दोन-चार थापांतच त्याची कॉइल जळते.

मोजता न येणारा तिसरा तोटाही आहे. त्या गाडीची काच, छत, सीटचं कापड आणि दरवाजाची पोकळी पाहून कंपनीने अ‍ॅम्प्लिफायरमध्ये आवाजाचा तोल बसवलेला असतो. तो डबा काढला की तेच स्पीकर पत्र्यासारखे वाजतात आणि लोक नवे स्पीकर घ्यायला निघतात.

अ‍ॅम्प्लिफायर खरोखर जळलेला असेल, किंवा तुम्हाला स्पीकरसकट सगळंच बदलायचं असेल, तर काढा. तेव्हाही नवा चार चॅनलचा अ‍ॅम्प्लिफायर २ ओमवर चालणारा घ्या किंवा ४ ओमचे स्पीकर टाका.

डब्यावर ‘५० वॅट गुणिले ४’ लिहिलंय. मग कंपनीच्या अ‍ॅम्प्लिफायरची गरजच काय?

तो क्षणिक शिखराचा आकडा आहे. गाडी चालू असताना सिस्टिमला सुमारे १४.४ व्होल्ट मिळतात. त्यावर ब्रिज पद्धतीचा अ‍ॅम्प्लिफायर ४ ओमच्या स्पीकरला कागदावर जास्तीत जास्त २६ वॅटच देऊ शकतो, कारण १४.४ चा आरएमएस (परिणामकारक सरासरी) १०.२ व्होल्ट होतो आणि १०.२ चा वर्ग भागिले ४ म्हणजे २६. आतली गळती धरली तर स्वच्छ आवाजात १८ ते २२ वॅट हाती लागतात. डब्यावर ६० लिहा की ८०, व्होल्टेज वाढवणारं सर्किट आत नसेल तर हे गणित बदलत नाही.

वायर कापल्या तर काय बिघडतं? सगळेच कापतात.

बिघडतं. गाडीची वॉरंटी चालू असेल तर कापलेली वायर दिसताच इलेक्ट्रिकलचा क्लेम अडू शकतो. वॉरंटी संपलेली असली तरी उद्या मूळ स्टिरिओ परत लावायचा झाला, गाडी विकायची झाली किंवा दोष शोधायचा झाला, तर कापलेल्या आणि पीळ देऊन टेप लावलेल्या वायरींच्या गुंत्यात कुणालाच काही कळत नाही. आपल्याकडच्या उन्हात काळ्या टेपचा गोंद वितळतो, टेप सरकते आणि दोन उघडी टोकं डॅशबोर्डमागे एकमेकांना भिडायला मोकळी होतात.

गाडीच्या कपलरला जुळणारा हार्नेस मिळतो. एका बाजूला गाडीचा कपलर, दुसऱ्या बाजूला नव्या स्टिरिओचा. सगळा जोड या हार्नेसवर, टेबलावर बसून, सोल्डर करून आणि वर हीट श्रिंक (गरम केल्यावर आवळणारी नळी) चढवून करायचा, मग गाडीत फक्त खटाखट लावायचा. तुमच्या गाडीचा हार्नेस जळगावात लगेच मिळाला नाही तर चार दिवस थांबा, ऑनलाइन मागवा. या एका गोष्टीवर मी तडजोड करत नाही.

नव्या स्टिरिओच्या वायरींचे रंग कोणते?

बाजारातल्या बहुतेक सेटमध्ये ते ठरलेले आहेत. पिवळी म्हणजे बॅटरीचे कायमचे १२ व्होल्ट, लाल म्हणजे चावी फिरवल्यावर येणारे, काळी म्हणजे अर्थ. निळी अँटेनाला, निळी-पांढरी अ‍ॅम्प्लिफायरला, नारिंगी डॅशबोर्डच्या लाइटला. स्पीकरमध्ये पांढरी पुढचा डावा, करडी पुढचा उजवा, हिरवी मागचा डावा, जांभळी मागचा उजवा, आणि याच रंगावर काळी रेघ असली तर ती निगेटिव्ह.

हे रंग स्टिरिओच्या बाजूचे आहेत. गाडीच्या बाजूचे रंग प्रत्येक कंपनीचे वेगळे असतात, तिथे रंगावर विश्वास न ठेवता मोजायचं. काही युरोपीय गाड्यांत आयएसओ सॉकेटवर पिवळी आणि लाल यांच्या जागा उलट असतात. गाडी बंद केल्यावर सेट दर वेळी वेळ, स्टेशन, सेटिंग विसरत असेल तर आधी हेच तपासा.

इंजिन चालू केलं की ‘कुंईऽऽ’ आवाज येतो, रेस दिली की तो चढतो.

तो अल्टरनेटरचा आवाज आहे. इंजिन बंद करून चावी नुसती ऑनवर ठेवा. आवाज गेला तर निदान पक्कं.

कारण बहुधा अर्थिंगचं असतं. स्टिरिओचा अर्थ एका ठिकाणी, अ‍ॅम्प्लिफायरचा दुसरीकडे आणि दोघांत थोडा व्होल्टेजचा फरक. तो फरक आरसीएच्या जाळीतून वाहतो आणि स्पीकरमधून ऐकू येतो. स्टिरिओची काळी वायर गाडीच्या मूळ हार्नेसमधल्या अर्थला द्या, डॅशबोर्डच्या एखाद्या रंगवलेल्या पत्र्याला स्क्रूने आवळून नको. बॉडीवरच अर्थ घ्यायचा असेल तर रंग खरवडून उघड्या लोखंडावर घ्या. आरसीए केबल आणि करंटची जाड वायर एकाच बाजूने नेऊ नका.

एवढं करूनही आवाज राहिला तर ग्राउंड लूप आयसोलेटर (आरसीएच्या जाळीतून होणारा अर्थचा जोड तोडणारा) लावता येतो. पण स्वस्त आयसोलेटर बेस खातो, म्हणून तो शेवटचा उपाय. बॅलन्स्ड इनपुटच्या अ‍ॅम्प्लिफायरला आरसीए जोडल्यामुळे कुंई येत असेल तर बॅलन्स्ड आऊटपुट देणारा लाइन ड्रायव्हर हा खरा इलाज आहे. तो महाग असतो आणि इथे पटकन मिळत नाही, तरी काम तोच करतो.

सतत एकसारखा ‘सूऽऽ’ येत असेल तर तो अल्टरनेटर नव्हे. अ‍ॅम्प्लिफायरला सिग्नल गरजेपेक्षा जास्त मिळतो आहे. पातळी खाली आणा. चालू-बंद करताना ‘धप्’ होत असेल तर स्टिरिओ स्थिर व्हायच्या आधी अ‍ॅम्प्लिफायर जागा होतो आहे, ऑन वायरीवर एक-दोन सेकंदांचा टाइमर घातला की थांबतं.

आवाज सगळीकडून येतो, पण बेसच गेला. अहिराणी गाण्याला मजा येत नाही.

दोन शक्यता आहेत. एखाद्या चॅनलची पॉझिटिव्ह-निगेटिव्ह उलटी लागली असेल. तेव्हा एक स्पीकर बाहेर ढकलतो तेव्हा दुसरा आत ओढतो आणि जाड आवाज हवेतच एकमेकांना मारतात. बॅलन्स पूर्ण डावीकडे न्या, मग पूर्ण उजवीकडे. एकेका बाजूला बेस भरलेला आणि मधोमध आणताच पोकळ, तर हेच झालं आहे. उलटी लागलेली जोडी सुलटी करा, बाकी कशाला हात लावू नका.

दुसरी शक्यता सबवूफरची. काही कंपनी अ‍ॅम्प्लिफायर पुढच्या-मागच्या सिग्नलमधूनच सबवूफरचा भाग काढून घेतात, काहींना त्यासाठी वेगळी वायर लागते. वेगळी असेल आणि तुम्ही चारच चॅनल जोडले असतील तर डिकीतला डबा मुकाच राहणार. नव्या स्टिरिओची सबवूफर आरसीए त्याला द्या आणि मेनूत सबवूफर आऊटपुट चालू करा.

कंपनी अ‍ॅम्प्लिफायरचा तोल आधीच बसवलेला असतो, हे लक्षात ठेवून नव्या सेटचा इक्वलायझर आधी सपाट ठेवा. बरेचजण पहिल्याच दिवशी बेस आणि ट्रेबल टोकाला नेतात आणि मग आवाज फाटतो म्हणतात.

स्टीअरिंगवरची बटणं, रिव्हर्स कॅमेरा, पार्किंग सेन्सरचं काय?

जुन्या गाड्यांत स्टीअरिंगची बटणं रेझिस्टन्सवर चालतात. नव्या स्टिरिओच्या ‘की १’, ‘की २’ या वायरी जोडायच्या आणि मेनूत एकेक बटण शिकवायचं. कॅनवर चालणाऱ्या गाडीत तेच काम डीकोडर करतो.

कॅमेऱ्याचं थोडं जपून. काही गाड्यांतला कंपनीचा कॅमेरा ६ व्होल्टवर चालतो, त्याला रिव्हर्स लाइटचे १२ व्होल्ट दिले तर तो जातो. आणि चित्र काळं किंवा पट्ट्यापट्ट्यांचं दिसलं तर बहुतेक कॅमेऱ्याचा सिग्नल प्रकार मेनूत चुकला आहे.

एक गोष्ट आधीच विचारा: सीटबेल्टचा, दरवाजाचा, पार्किंग सेन्सरचा ‘टिंग’ मूळ स्टिरिओ किंवा अ‍ॅम्प्लिफायरमधून येतो का? काही गाड्यांत येतो, आणि स्टिरिओ काढला की हे सगळे इशारे गप्प होतात. एसीची सेटिंग फक्त मूळ स्क्रीनवरच दिसणाऱ्या गाड्याही आहेत. तुमची गाडी तशी असेल तर माझं स्पष्ट मत: मूळ स्क्रीन राहू द्या, आणि अँड्रॉइड ऑटो किंवा कारप्ले देणारा इंटरफेस बॉक्स लावा.

माझी जुनी जर्मन गाडी आहे. कपलरमध्ये तांब्याऐवजी नारिंगी केबल दिसते.

ती फायबर ऑप्टिक आहे. बीएमडब्ल्यू, मर्सिडीज, ऑडी यांनी २००० नंतरच्या अनेक गाड्यांत ऑडिओसाठी मोस्ट नावाचं नेटवर्क वापरलं. त्यात स्टिरिओ, अ‍ॅम्प्लिफायर, फोन असे सगळे एका कड्यात जोडलेले असतात आणि आवाज प्रकाशाच्या रूपात फिरतो. कड्यातला एक डबा काढला की संपूर्ण कडं तुटतं आणि सगळंच बंद पडतं. इथे मूळ युनिट काढायचं नाही. ते आतच ठेवून वर स्क्रीन बसते आणि तिचा आवाज मूळ सिस्टिमच्या ऑक्स (बाहेरचा आवाज घेणाऱ्या) इनपुटमधून जातो. ही केबल तीव्र कोनात वाकवू नका, आतून प्रकाशाची वाट बिघडते.

आपल्या उन्हाळ्यात नवा सेट टिकेल का?

मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि उन्हात बंद उभ्या गाडीत त्याहून कितीतरी जास्त. सेटच्या माहितीपत्रकात चालण्याची कमाल मर्यादा बहुधा ६० अंशांच्या आसपास असते. लग्नाच्या मांडवाबाहेर दुपारभर उभी असलेली गाडी उघडून लगेच नेव्हिगेशन, गाणी, पूर्ण ब्राइटनेस सुरू केलं तर सेट अडखळणारच. आधी काचा खाली करा, एसी चालू करा, पाच मिनिटं जाऊ द्या. पुढच्या काचेला सनशेड लावा.

बसवताना मागे हवा फिरायला जागा सोडा. हार्नेस, डीकोडर, टेप गुंडाळलेला वायरींचा गोळा, सगळं सेटच्या पाठीला दाबून कोंबलं तर त्याचा हीट सिंक (उष्णता बाहेर टाकणारा धातूचा भाग) निकामी होतो. वायरी खाली किंवा ग्लोव्ह बॉक्सच्या बाजूला उतरवा. फ्रेम क्लिप आणि स्क्रूने घट्ट बसली पाहिजे. दुहेरी टेपवर चिकटवलेली फ्रेम पहिल्याच उन्हाळ्यात सुटते.

सीटखालचा अ‍ॅम्प्लिफायर मात्र पावसाळ्यात बिघडतो. शेतातून आलेले चिखलाचे पाय, ओलं मॅटिंग, कॉटन जिनिंगच्या परिसरातली कापसाची तूस, हे सगळं तिथेच साचतं. वर्षातून एकदा सीट सरकवून तिथे कोरड्या ब्रशने साफ करा.

दोन-तीन दिवस गाडी उभी राहिली की बॅटरी उतरते. आधी असं नव्हतं.

गाडी बंद असतानाही काहीतरी जागं राहतं. गाडी लॉक करून अर्ध्या तासाने बॅटरीच्या निगेटिव्हला मल्टीमीटर मालिकेत लावून करंट मोजा. ५० मिलिअँपिअरपर्यंत ठीक. ३०० निघाला तर ४५ अँपिअर-अवरची बॅटरी कागदावर सहा दिवसांत पूर्ण रिकामी होते, आणि गाडी स्टार्ट न होण्याची वेळ त्याच्या खूप आधी येते.

दोन संशयित आहेत. पहिला, अ‍ॅम्प्लिफायरची ऑन वायर निळ्या-पांढऱ्याऐवजी कायमच्या १२ व्होल्टला जोडलेली, म्हणजे तो रात्रभर जागा. दुसरा, अँड्रॉइड सेटचा झोपेचा मोड. लवकर चालू व्हावा म्हणून तो पूर्ण बंद न होता डुलकी घेतो. मेनूत ‘बंद होण्याचा वेळ’ लगेच किंवा अर्ध्या तासावर आणा. फ्यूज मात्र मूळ अँपिअरचाच राहू द्या. १० चा फ्यूज उडतो म्हणून ३० चा टाकला तर पुढच्या वेळी वायर जळेल.

नवा सेट लावल्यापासून रेडिओ खरखरतो.

अनेक गाड्यांच्या अँटेनात छोटा बूस्टर असतो आणि त्याला १२ व्होल्ट लागतात. मूळ स्टिरिओ ते देत होता, नव्यात निळी वायर अँटेना अ‍ॅडॉप्टरला जोडावी लागते. न जोडल्यास शहरात थोडंफार ऐकू येतं, गावाबाहेर पडलात की आकाशवाणी जळगाव गायब. दुसरं, मेनूत रेडिओचा प्रदेश पाहा. अमेरिका निवडलेलं असेल तर सेट ०.२ च्या पायऱ्यांनी फक्त विषम दशांश शोधतो आणि आपली काही केंद्रं त्याला सापडतच नाहीत.

घरी स्वतः करू का?

साधी गाडी असेल, हार्नेस तयार असेल, हात सफाईदार असेल तर जरूर करा. सुरुवातीला बॅटरीची निगेटिव्ह काढा आणि काही मिनिटं थांबा. डॅशबोर्डमागे पिवळ्या आवरणाच्या किंवा पिवळ्या कपलरच्या वायरी दिसल्या तर त्या एअरबॅगच्या आहेत. त्यांना टेस्टर, मल्टीमीटर, काहीही लावू नका. पॅनल स्क्रूड्रायव्हरने न उचकटता प्लॅस्टिकच्या पट्टीने काढा. कॅनवरचा अ‍ॅम्प्लिफायर असेल तर डीकोडरचं काम माहीत असलेल्याकडेच जा, भले त्यासाठी नाशिकपर्यंत जावं लागलं तरी.

दुकानात गेल्यावर काय विचारू?

‘माझ्या गाडीत कंपनीचा अ‍ॅम्प्लिफायर आहे, तो कसा चालू करणार?’ एवढा एकच प्रश्न विचारा. ‘वायर कापून थेट देऊ’ असं उत्तर आलं तर हात जोडून पुढच्या दुकानात जा. ‘व्हेरियंट सांगा, कपलर बघू दे’ असं म्हटलं तर बसा, चहा घ्या. बिलावर सेट, हार्नेस, डीकोडर आणि मजुरी वेगवेगळी लिहून घ्या. पैसे देण्याआधी इंजिन चालू ठेवून चारही कोपरे, सबवूफर, फोन कॉलचा माइक, रिव्हर्स कॅमेरा आणि स्टीअरिंगची बटणं तपासा.

काढलेला मूळ स्टिरिओ विकू का?

विकू नका. तो ज्या गाडीतून निघाला तिच्याशी बांधलेला असतो, काहींना परत चालू व्हायला कोड लागतो, म्हणून भंगारात फारसं काही मिळत नाही. पण वायर न कापता काम केलं असेल तर गाडी विकताना अर्ध्या तासात तो जागेवर बसतो आणि तुमचा अँड्रॉइड सेट पुढच्या गाडीत जातो. स्क्रू, फ्रेम, कोडचं कार्ड हे सगळं त्याच खोक्यात टाका आणि वर गाडीचा नंबर लिहून ठेवा.